एका तोंडाचा पाइप

मला झोप लागलेली नाही. नुसते डोळे मिटलेत. दुपारचं ऊन व्हरांड्याच्या जाळीतून पायावर आलंय, फोन मांडीवर आहे, आणि तो वाजला तर पहिल्याच रिंगला उचलीन एवढी मी नक्की जागी आहे.

आज माझ्या मुलाचं, निनादचं, ऑपरेशन आहे. तिकडे पुण्याला. हृदयातली एक झडप बदलायचीय. सकाळी आत नेलंय, अजून बाहेर आणलेलं नाही. मी इकडे देवळाली कॅम्पात, कारण माझा स्वतःचा पाय प्लास्टरमध्ये. "आई, तुम्ही येऊन इथे कोण कोणाकडे बघणार? झालं की पहिला फोन तुम्हाला करते," असं गौतमी म्हणाली. सून शहाणी आहे, तिचं बरोबर आहे, आणि बरोबर आहे म्हणूनच जास्त राग येतो. भात केला तो तसाच झाकून ठेवलाय. देवापुढे बसले तर देवावरच ओरडायला लागले. शेवटी हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ह्यांचे पाइप काढले.

हे म्हणजे माझे यजमान, भालचंद्र कर्णिक. धरणांवरचे इंजिनिअर. आमचा सगळा संसार धरणांच्या कॉलन्यांमध्ये झाला आणि त्या सगळ्या घरांना एकच वास होता, पाइपच्या तंबाखूचा. लोकांना वाटतं पाइपनेच गेले. छे! गेले काविळीने. आयुष्यभर फुप्फुसाला जपा, जपा म्हणून मी बोंबलत राहिले आणि यकृत मागच्या दाराने पळालं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ओढणारा गेला, पण साफ करायचं काम माझ्याकडे राहिलं. मंदा, माझी कामवाली, म्हणते, "बाई, लोक देव घासतात तसे तुम्ही हे घासता." म्हटलं, घासते बाई. देव कुठे माझ्या हातचं सुक्या सोड्यांचं कालवण मागून खायचे?

काम तसं सोपं आहे. तोंडात धरायची काळी दांडी हलकेच फिरवून वेगळी करायची. तंबाखू भरायच्या वाटीतली काजळी खरवडायची, पण सगळी नाही, पातळ थर ठेवायचा, नाहीतर पुढच्या खेपेला लाकूडच जळतं. लोकर गुंडाळलेली तार रममध्ये बुडवून नळीतून घालायची, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. दांडी हिरवट पडली असेल तर टूथपेस्टने घासायची. मग मेण. आणि सगळ्यात शेवटी हे ती वाटी स्वतःच्या नाकाच्या कडेला घासायचे. खरंच! नाकावरचं तेल लाकडाला सगळ्यात मानवतं म्हणे. तो शेवटचा हात फिरला की पाइप तयार झाला, तोवर नाही. मी म्हणायचे, चला, तुमच्या नाकाचा कोणाला तरी उपयोग झाला.

तर डोळे मिटलेत आणि हात चालू आहेत. बशीतल्या रमचा वास नाकात बसलाय. एका पाइपच्या नळीत मी तार घालतेय. तार आत जाते. आणखी जाते. वीतभर तार, तेवढीच नळी, तरी ती जातेच आहे, मी चिमटीने ढकलतेय आणि दुसऱ्या टोकाने काही बाहेर येत नाहीये. आता ह्याला काय म्हणावं?

"ढकलू नकोस. ओढ," हे म्हणतात.

समोर पायरीवर बसलेत. खाकी पँट, बाह्या दुमडलेला शर्ट, केस पावसात भिजल्यासारखे चापून बसलेले. बाहेर लख्ख ऊन आहे.

"कधी आलात?" मी विचारते. विचारायला हे एवढंच सुचतं.

"इथेच आहे केव्हाचा. तूच डोळे मिटायला वेळ लावलास."

आपल्याकडे म्हणतात ना, अशा माणसाचे आधी पाय बघावेत, उलटे असतात. मी बघते. ह्यांनी गुडघ्यापर्यंत काळे गमबूट घातलेत. आता गमबुटातले पाय सुलटे की उलटे, कसं कळणार? मला हसू येतं आणि त्याच वेळी पाठीवरून काहीतरी सरसरत जातं.

"चल आत," हे म्हणतात. "तुझ्या इथे उजेड बरा नाही. काम पडलंय."

माझी आई सांगायची, गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर खुशाल बोलावं, रडावं, भांडावं, पण त्याच्या मागून जाऊ नये आणि त्याच्या हातचं खाऊ नये. मला आईचं ते सांगणं तिच्या आवाजासकट आठवतं. पण तोवर मी उठलेली असते. प्लास्टरमधला पाय जमिनीवर टेकतो आणि दुखत नाही. प्लास्टर नाहीच आहे. तिथेच मी थांबायला हवं होतं, पण नवरा पुढे चालला की मागून जायची चाळीस वर्षांची सवय, ती काय एका पायासाठी थांबते?

स्वयंपाकघर आमचंच आहे. झाकलेला भात ओट्यावर आहे, फ्रिज घुरघुरतोय. फ्रिजच्या पलीकडे भिंत असते तिथे भिंत ओली आहे, आणि तिच्या बाजूने आम्ही चालतोय. पायाखाली फरशी नाही, सिमेंट आहे, कडेला अरुंद नाली आणि नालीतून पाणी वाहतंय. वर लांब लांब अंतरावर जाळीतले पिवळे दिवे. मला हे ठिकाण माहीत आहे. धरण बाहेरून अख्खं भरीव दिसतं, पण त्याच्या पोटात असा बोगदा ठेवलेला असतो, पाणी किती झिरपतंय ते बघायला. त्याला गॅलरी म्हणतात. नव्या लग्नाची असताना ह्यांनी मला एकदा हौसेने आत नेलं होतं, आणि मी दहा पावलांवरून रडत परत फिरले होते. भिंतीच्या पलीकडे सगळं धरणभर पाणी उभं आहे ह्या विचारानेच माझा श्वास कोंडला होता.

आज कोंडत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

बोगद्याच्या मध्यावर आमचं कॉलनीतलं जेवणाचं टेबल आहे. तेच, फुलाफुलांचं मेणकापड घातलेलं. आणि त्यावर पाइपच पाइप. ह्यांच्याकडे जन्मात नव्हते एवढे. काही जुने, काही फुटके, एकाला तर तांब्याची तार बांधलेली.

"अगंबाई! हे सगळे कोणाचे?"

"ज्याचे त्याचे." हे खुर्ची ओढतात. "इथे ज्याचं यायचं ठरतं, त्याची वस्तू आधी येते. ती साफसूफ करून ठेवायची. मग माणूस येतो. रिकाम्या हाताने कोणाला बसवत नाहीत."

"आणि जे ओढत नाहीत त्यांचं काय?"

"त्यांचं दुसरं काही येतं. चष्मे येतात, कवळ्या येतात. ते पलीकडच्या टेबलावर. माझ्याकडे पाइप."

"सरकारी खात्यातून सुटलात आणि इथेही खातंच!"

हे हसतात. ते हसणं अगदी जसंच्या तसं आहे, आधी खांदे हलतात आणि मग आवाज. इतकं ओळखीचं की मला हुंदका येतो. "मध्यंतरी दळवीचा आला होता," हे म्हणतात. "एवढी काजळी! कधी खरवडलाच नव्हता गाढवाने."

दळवी म्हणजे ह्यांचे जुने सहकारी. ते गेल्याचं मी मागच्याच आठवड्यात पेपरात वाचलंय. मी ते ऐकते, समजते, आणि तरी मला काही समजत नाही. स्वप्नात डोकं असं अर्धंच चालतं. मी आपली समोरची खुर्ची ओढून बसते.

"घे," असं म्हणून हे एक दांडी माझ्याकडे सरकवतात. "दांडी तू, वाटी मी. पूर्वीसारखं."

रविवारी आम्ही असेच बसायचो. मी फडक्यावर टूथपेस्ट घेते आणि घासायला लागते. दांडी हिरवट पडलीय, बरेच दिवस कोणी ओढलेली नाही. समोर हे वाटीत सुरी फिरवतायत, बारीक काळा भुगा मेणकापडावर पडतोय. नालीतलं पाणी वाहतंय. किती बरं वाटतंय म्हणून सांगू! इतक्या वर्षांचं साठलेलं मी भडाभडा बोलत सुटते. शेजारच्यांनी चिंचेचं झाड तोडलं. मी पडले ती सगळ्यांना सांगितलं तशी बाथरूममध्ये नाही, फाटकाशी, भाजीवाल्याशी भांडताना. गौतमी स्वभावाने चांगली आहे पण मिठाला हात आखडता. हे "हं, हं" करतात.

"आणि निनाद?" मी म्हणते. "त्याचं आज..."

वाक्य माझ्या तोंडात तसंच राहतं. दांडीच्या टोकाशी, जिथे ती दातात धरतात तिथे, माझ्या अंगठ्याला दोन खळगे लागतात. बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे, शेजारी शेजारी. मी फडकं बाजूला करून बघत नाही. बघायची गरजच नाही, तो अंगठा माझा आहे आणि ते दात मी रात्र रात्र जागून आणलेत.

निनाद तेव्हा रांगत होता. ह्यांनी मोठ्या हौसेने नवा पाइप आणला होता, अजून पेटवलाही नव्हता, आणि कार्ट्याने तो टेबलावरून ओढून कडाकडा चावला. खालचे दोन दात नुकतेच आलेले. मी रागावणार तर हे मलाच म्हणाले, "असू दे. पाइप एका तोंडाचा असतो. हा आता त्याचा झाला." आणि खरंच, कधी म्हणून ओठाला लावला नाही. कागदात गुंडाळून ठेवला तो निनादला नोकरी लागल्यावर त्याच्या हातात दिला. त्यानेही दोनचार वर्षं ओढला आणि सोडून दिला. आता पुण्याला त्याच्या कपाटात असतो, मोज्यांच्या खणात.

असतो म्हणजे, असायला हवा.

"हा कुठून आणलात?" मी विचारते. माझा आवाज बोगद्यात पुढे जातो आणि लांबून परत येतो.

"आला सकाळी." हे वर बघत नाहीत.

"सकाळी म्हणजे कधी? त्याला आत नेल्यावर?"

"हेमा, मी विचारत नाही. येतो तो घेतो."

"आणि साफ झाला की?"

"झाला की बोलावणं जातं."

मी दांडी मुठीत घट्ट धरते. पण ती आता स्वच्छ काळी चकचकीत आहे. मीच केलीय! बोलण्याच्या नादात माझ्या पोटच्या पोराची दांडी मी माझ्या हाताने लख्ख करून ठेवलीय.

"थांबवा हे," मी म्हणते.

"माझ्या हातात नाही गं ते. माझ्या हातात नुसती सफाई."

"मग सफाई करू नका! टाका ते फडकं! बाप आहात की कोण आहात?"

आता हे वर बघतात. चेहरा ह्यांचाच आहे, पण डोळ्यांत ओल साठलीय, रडल्यासारखी नाही, भिंतीतून झिरपते तशी. "काम अर्धवट टाकलेलं तू मला कधी पाहिलंयस का?" हे हळूच विचारतात. आणि माझ्या मुठीतून दांडी कशी कुणास ठाऊक ह्यांच्या हातात गेलेली असते. ती वाटीत बसते. टक् असा आवाज होतो.

मला वर काहीतरी मोठं जाणवतं. पिवळ्या दिव्यांच्या जागी टेबलाच्या डोक्यावर गोल दिवा आहे, परातीएवढा, पांढराफटक. मेणकापडावरची फुलं नाहीत. कापड हिरवं आहे आणि सपाट नाही. त्याच्याखाली काहीतरी लांब निजलंय, आणि आम्ही इतका वेळ सगळे पाइप त्याच्यावरच मांडून बसलोय. मी कापड उचलत नाही. खाली कोण आहे ते मला माहीत आहे, आणि ते हलत नाहीये हेही मला दिसतंय. कुठल्याशा यंत्राचा आवाज येत होता तो थांबलाय. नालीतलं पाणीही थांबलंय.

हे मेण लावतात. बोटाने, गोल गोल, अगदी मायेने. त्यांना घाई नाही आणि त्यांना राग नाही, आणि म्हणूनच मला कळतं की ह्या माणसाची विनवणी करून काही उपयोग नाही. मी वडाला इतकी वर्षं दोरा गुंडाळला तो ह्याच माणसासाठी, सात जन्म मिळू दे म्हणून. आणि आज ह्याच्याच हातून मला माझं पोर सोडवायचंय.

हे तो पाइप उचलतात. नाकाकडे नेतात.

"अहो, थांबा!" मी ओरडते. "न ओढताच देणार का त्याला? इतकी वर्षं मोज्यांत पडलेला पाइप! ओढ बसते की नाही ते बघायला नको?"

हात थांबतो. मी ह्या माणसाबरोबर संसार केलाय, कुठे बोट ठेवलं की थांबतो ते मला ठाऊक आहे. नळी कुठे चोंदलेली राहिली असेल ही शंका ह्यांना जेवू देत नसे.

"तार पांढरी आली," हे म्हणतात, पण आवाजात खात्री नाही.

"तार आत गेली तर बाहेर येत नव्हती मघाशी, माझ्या डोळ्यांदेखत. इकडे द्या. मी बघते."

"तू?"

मी वाकून ह्यांच्या हातातून पाइप काढून घेते. तंबाखूची चामडी पिशवी ह्यांच्या खिशात डावीकडे असते, तिथे ती आहे. तीन चिमट्या भरायच्या, पहिली सैल, दुसरी जरा दाबून, तिसरी घट्ट. जन्मभर बघितलंय, हात आपोआप करतो. काडी ओढते. दुधाच्या दातांच्या त्या दोन खळग्यांवर माझे दात बसतात. आईने मला खाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. ओढू नकोस असं नव्हतं सांगितलं.

"अगं, अगं, काय करतेस हे! इतक्या जोरात नाही ओढायचं! भाजेल!"

मी ओढते. सत्तर वर्षांत कधी विडी ओठाला लावली नाही ती मी धरणाच्या पोटात बसून भकाभका पाइप ओढते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशात जाळ. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं होतं. तरी ओढते. वाटी हातात तापते, इतकी की धरवत नाही, तरी सोडत नाही. धुरात मला हे दिसेनासे होतात, हिरवं कापड दिसेनासं होतं. तळाशी गुरगुर वाजतं, म्हणजे आत पाणी धरलं, पाइप ओला झाला. मग मी तो ह्यांच्यापुढे ठेवते.

"घ्या. आता द्या कोणाला द्यायचा तो."

हे वाटीला हात लावतात आणि काढून घेतात.

"गरम आहे," हे म्हणतात. "आत ओलाही आहे."

"मग? काय करतात अशा पाइपला? सांगा की. तुमचाच नियम."

"विसावा द्यायचा," हे म्हणतात. "लगेच कोणाला द्यायचा नाही. लाकूड तडकतं."

"मग द्या विसावा."

हे पाइप उचलतात, आणि मला वाटतं जिंकले मी. पण ते तो बाकीच्यांच्या रांगेत ठेवत नाहीत. दांडीचं टोक दिव्याकडे धरून बघतात. मग माझ्याकडे बघतात. खूप दिवसांनी बघावं तसं, आधी कपाळ, मग डोळे, मग तोंड.

"हेमा, वेडे," हे म्हणतात. "विसाव्याचं सोड. ह्याला आता तुझं तोंड लागलंय. पाइप एका तोंडाचा असतो. हा निनादचा राहिला नाही."

मला हे आधी सुचलं होतं का? खरं सांगते, मला नुसता वेळ काढायचा होता. तासभर, दिवसभर, डॉक्टरांचे हात फिरेपर्यंत. पण ह्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि माझ्या छातीवरचा अख्खा डोंगर उतरला. मला भीतीही वाटली. नाही कशाला म्हणू? पोटात खड्डा पडला. पण आधी डोंगर उतरला, मग खड्डा पडला, एवढा क्रम माझ्या लक्षात आहे.

"नसू दे," मी म्हणते. "माझा तर माझा. विसावा पुरता द्या म्हणजे झालं. तुम्हाला काही घाई आहे का?"

"मला इथे कसली घाई," हे म्हणतात. "एकटं वाटतं, एवढंच."

हे ऐकून मात्र मला रडू फुटतं. मी ह्यांच्या हाताला हात लावायला जाते. नालीतलं पाणी वाहायला लागतं, आधी बारीक, मग घों घों करत, हिरव्या कापडाखाली काहीतरी वर येतं आणि खाली जातं, पुन्हा वर येतं आणि खाली जातं, आणि यंत्र वाजायला लागतं. वाजतच राहतं. ते यंत्र नाही, मांडीवरचा फोन आहे.

ऊन पायावरून भिंतीवर गेलंय. पाय प्लास्टरमध्ये आहे आणि ठणकतोय. वर्तमानपत्रावर ह्यांचे पाइप आहेत, माझ्या हातात त्यांतलाच एक, तार अर्धी आत, अर्धी बाहेर. फोनवर गौतमी आहे.

"आई, झालं! बाहेर आणलं. बरा आहे." ती रडतेय. "आई, तुम्हाला आत्ता सांगते, मघाशी सांगायची हिंमत नव्हती. मशीनवरून काढताना त्याचं हृदय सुरूच होईना. डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशी बोलूनही गेले, तयारी ठेवा म्हणून. आणि मग झालं आपोआप सुरू. त्यांनाही कळलं नाही कसं. आई? ऐकताय ना?"

मी बोलायला तोंड उघडते आणि कळवळते. जीभ टाळूला लागत नाही. शेंड्यापासून मध्यापर्यंत सगळी सोलून निघालीय.

"बलं झालं," मी म्हणते. "बलं झालं बाई."

"अशा का बोलताय? रडताय का?"

"जीभ भाजलीय."

"कशाने?"

"चहाने," मी म्हणते. आत ओट्यावर दूध अजून पिशवीतच आहे, मला इथून दिसतंय.

"जपा हो. तूप लावा. मी रात्री पुन्हा करते फोन."

"गौतमी, ठेवू नकोस." मी एकेक शब्द नीट, दुखेल तेवढा दुखू देऊन उच्चारते. "निनादच्या कपाटात, मोज्यांच्या खणात, एक पाइप आहे. लहान, चावलेला."

"पाइप? असेल. आई, तो आता कुठला ओढतोय पाइप? टाकून देईन मी, काळजी करू नका."

"टाकायचा नाही. धुवायचा नाही, पुसायचा नाही. त्याला हात लावू द्यायचा नाही. फडक्यात गुंडाळून माझ्याकडे पाठवून दे. तो माझा आहे."

पलीकडे ती नाक पुसते. मग म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तशा समजुतीच्या आवाजात म्हणते, "बरं आई. तुमचा तर तुमचा."